नव्या कानांसाठी बैठक बांधताना

"ऐकायला आवडतं हो ताई, पण धरायचं काय तेच कळत नाही." माझ्याकडे गाणं शिकणाऱ्या एका मुलीचे वडील क्लासच्या दारात उभं राहून हे म्हणाले. डोंबिवलीत आम्ही दर महिन्याला जी बैठक करतो, तिचं मूळ या वाक्यात आहे. हे गृहस्थ रोज ऐरोलीला नोकरीला जातात. लोकलमध्ये कानात गाणी चालू असतात, सुराची समजही बरी आहे. हौसेनं दोन-चार मैफलींना जाऊन आले होते. तिथे आजूबाजूचे लोक नेमक्या जागी माना डोलावत होते आणि आपण मात्र उंबऱ्याबाहेरच राहिलो, असं त्यांना वाटत राहिलं.

शास्त्रीय संगीत आजच्या श्रोत्यापर्यंत न्यायचं म्हटलं की लोक दोन गोष्टी सुचवतात. एक, छोटं करा. दोन, सजवा, म्हणजे गिटार घ्या, दिवे लावा, मागे पडद्यावर चित्रं फिरवा. असे प्रयोग मनापासून करणारे कलाकार आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या गृहस्थांची अडचण वेगळी होती. गाणं लांब आहे, अशी त्यांची तक्रार नव्हती. लांब गाण्यात आपण कुठे आहोत, हे त्यांना कळत नव्हतं. मग मी आणि आमचे तबलजी बसलो आणि ठरवलं, की गाण्यात काही बदलायचं नाही. ऐकणाऱ्याला दर वेळी धरायला एक गोष्ट द्यायची, एकच, आणि पुढचं गाण्यावर सोपवायचं.

जागा मिळाली ती एका स्नेह्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. सतरंज्या, मागच्या भिंतीलगत गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या, तीस-पस्तीस माणसं बसतील एवढी जागा. पैशांचं आधीच सरळ ठेवलं: येणाऱ्याची वर्गणी ठरलेली, गाणाऱ्याचं आणि साथीदारांचं मानधनही ठरलेलं, आणि ते बैठकीआधी हातात. कलाकारानं नव्या श्रोत्यांची सेवा म्हणून फुकट गावं, अशी अपेक्षा मला कधीच पटलेली नाही.

सगळ्यात जास्त चर्चा माईकवर झाली. मला माईक नकोच होता. बंद खोलीत, तीस माणसांपुढे, गळ्यातून निघालेला आवाज जसाच्या तसा कानावर पडला की त्याचा पोत कळतो. श्वास कुठे घेतला, स्वर लावताना गळा किती मोकळा झाला, डग्ग्यावर तळहाताचा दाब कसा सरकला, हे सगळं स्पीकरमधून येताना पुसट होतं. बोलावलेल्या काही कलाकारांना हे पटवावं लागलं, कारण आज गाणाऱ्याच्या कानालाही समोरच्या मॉनिटरची सवय असते. पण एकदा गाऊन झाल्यावर पुन्हा माईक मागणारं मला कोणी भेटलं नाही.

निवेदनही काढून टाकलं. कलाकाराच्या पदव्या, पुरस्कार, परदेश दौरे यांची दहा मिनिटं यादी वाचायची आपल्याकडे रीत आहे. त्या दहा मिनिटांत नवा श्रोता आणखी दूर सरकतो. आपण फार मोठ्या माणसापुढे बसलो आहोत आणि आपल्याला काही कळत नाही, एवढंच त्याच्या मनात ठसतं. त्याऐवजी आम्ही तंबोरा लोकांसमोर लावायला लागलो.

खरं सांगायचं तर आमच्या बैठकीचा कणा इथे सापडला. एरवी तंबोरे आत लावून आणतात किंवा यंत्र सुरू करतात. आम्ही तारा उतरवूनच सुरुवात करतो. मिरजेहून आणलेला तंबोरा मी मांडीशी घेते आणि सांगते, या चार तारा आहेत. पहिली पंचमात, म्हणजे प मध्ये, मधल्या दोन जोडीच्या षड्जात, म्हणजे सा मध्ये, शेवटची खर्जात, म्हणजे खालच्या सा मध्ये. खुंटी पिळली की स्वर ढोबळ जागेवर येतो, खालचा मणी सरकवला की नेमका बसतो. मग घोडीवर तारेखाली जो सुती दोरा असतो, तो काढून टाकते. तार वाजते, पण ठप्प आवाज येतो, स्वर लगेच विझतो. दोरा परत घालते आणि केसभर पुढे, केसभर मागे करत राहते. एका जागी आल्यावर तार अचानक उघडते आणि स्वराला झणकार येतो. ही जवारी. लोक पुढे सरकून बघायला लागतात. काहींना स्वतः तो दोरा हलवून बघायचा असतो, आणि मी हलवू देते.

त्यानंतर फक्त खर्जाची तार छेडायची आणि सगळ्यांनी डोळे मिटायचे. मी विचारते, षड्जाशिवाय अजून काही ऐकू येतंय का? पहिल्यांदा सगळे गप्प असतात. मग मी अगदी हलक्या आवाजात गंधार, म्हणजे ग, लावते, दोन क्षण धरते आणि थांबते. माझा आवाज थांबला तरी गंधार चालूच असतो. तारेतून. तार षड्जात लावलेली असते, गंधार कोणी छेडलेला नसतो, तरी तो तिथे असतो. आपले जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणत आले आहेत. भौतिकशास्त्र शिकलेला एखादा जण लगेच सांगतो, की हा मूळ कंपनाच्या पाचपटीचा उपस्वर. बरोबर आहे, आणि ते ऐकून बाकीच्यांना आणखीच मजा वाटते. एकदा तो गंधार ऐकू आला की माणूस ऐकणाऱ्यांच्या पंगतीत येऊन बसतो. आत्ता आत्तापर्यंत जे कानाला नव्हतं ते आता आहे, आणि ते त्यानं स्वतः मिळवलेलं असतं.

म्हणून सुरुवातीच्या बैठकीला यमन घेतला. संध्याकाळ उतरत असते, आणि रागाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधारच. लोकांना सांगायचं, तो जो तारेतला गंधार ऐकलात, त्याच्याकडे हा राग पुन्हा पुन्हा येणार आहे. बघा कसा कसा येतो. आरोही-अवरोही, थाट, जाती, यातलं काही सांगितलं नाही. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी दहा थाटांत, म्हणजे दहा गटांत, राग लावून देऊन शिकणाऱ्यांवर केवढे उपकार केले, हे मी जाणते. पण ती व्यवस्था शिकणाऱ्यासाठी आहे. ऐकणाऱ्याला पहिल्या दिवशी ती सांगितली की तो वर्गात बसल्यासारखा ताठ होतो.

ताल हा त्याहून अवघड भाग. तीनतालाची मध्यलयीतली बंदिश असेल तर काम सोपं: टाळी, टाळी, खाली (म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायचा), टाळी हातानं द्यायला लावायची. चार आवर्तनांत, म्हणजे तालाच्या चार फेऱ्यांत, लोकांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडते. मग हात थांबवायला सांगायचं आणि मनातच मोजायचं. नवव्या मात्रेवरून उठणारी बंदिश घेतली की मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, सुरू झाल्याबरोबर लोकांना समेची चाहूल लागते, कारण खालीचा हात आणि गाण्याचा उठाव एकाच वेळी येतात. ज्यांच्या मैफली उंबऱ्याबाहेर बसून गेल्या होत्या, ते समेवर एकमेकांकडे बघून हसतात.

पण बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत विस्तारानं गायचा ख्याल, बहुतेकदा विलंबित एकतालात असतो. बारा मात्रा, आणि एकेक मात्रा एवढी लांबवलेली की एक आवर्तन पूर्ण व्हायला पाऊण मिनिट सहज लागतं. नवा श्रोता नेमका इथे सुटतो. त्याला तबला ठराविक क्रमानं चाललाय हेच कळत नाही. यावर तोड आमच्या तबलजींनी काढली. त्यांनी आधी द्रुत एकताल वाजवला. धिं धिं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धी ना. लोकांनी तो तोंडानं म्हटला. मग लय थोडी उतरवली, पुन्हा म्हणायला लावला. मग आणखी उतरवली. असं करत करत पायरीपायरीनं विलंबितापर्यंत आणलं, आणि लोक त्यांच्याबरोबर खाली येत गेले. बोल तेच, क्रम तोच. शेवटी ते म्हणाले, सगळं विसरलात तरी चालेल, फक्त तिरकिट लक्षात ठेवा. आवर्तनात ते दोनदा येतं. पहिल्या तिरकिटनंतर डग्गा गप्प होतो, तू आणि ना नुसते वाजतात. दुसऱ्या तिरकिटनंतर डग्गा परत घुमतो. डग्गा घुमला की दोन मात्रा उरल्या, आणि मग सम.

मी इतकी वर्षं गाते आहे, पण विलंबिताची खूण इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितलेली मी ऐकली नव्हती. त्या संध्याकाळी ख्याल सुरू झाल्यावर मी गाता गाता बघत होते. दुसरं तिरकिट आलं की मागच्या खुर्च्यांवरचे लोकसुद्धा सावरून बसायचे. मी मुखडा घेऊन समेवर आले की अख्खा हॉल माझ्याबरोबर समेवर यायचा. गाणाऱ्याला याची केवढी ताकद मिळते, हे गाणाऱ्यालाच कळेल.

ख्यालाच्या बढतीसाठी, म्हणजे विस्तारासाठी, आम्ही आणखी एक खूण दिली: तार षड्जाची, म्हणजे वरच्या सा ची, वाट बघा. विलंबितात गाणारा मध्य षड्जापासून हळूहळू वर चढतो. गंधारावर रेंगाळतो, पंचमावर थांबतो, धैवत-निषादाशी खेळतो, आणि तार षड्जाला पोचायला वीस मिनिटंही घेतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला वाटतं, तेच तेच चाललंय. ज्याला ठाऊक आहे त्याला ती वाट बघणं सोसवत नाही. यमनात निषादावर येऊन थांबले, पुन्हा खाली उतरले, परत निषादाला आले, परत उतरले. तिसऱ्या वेळी निषाद लांब धरला आणि षड्ज लावला, तेव्हा समोरून एकदम "आहा" आलं. कोणी शिकवलेली दाद नव्हती ती. दाद कधी द्यायची, असं मला पुष्कळजण विचारायचे, चुकीच्या जागी वाहवा निघेल म्हणून घाबरायचे. त्यानंतर हा प्रश्न फारसा आला नाही.

बंदिशीच्या शब्दांचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. बंदिशी ब्रजात असतात, शब्द ताणले जातात, तुटतात. मग एका कागदावर स्थायी-अंतरा आणि खाली दोन ओळींत मराठी अर्थ लिहून तो वाटायला लागलो. एवढ्यानं काम होतं.

मराठी कानांसाठी एक दार आधीच उघडं आहे, ते नाट्यसंगीताचं. १८८० साली किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलं. नंतर १९१६ साली स्वयंवर आलं, तेव्हा त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांसारख्या ख्यालियानं बांधल्या. मोठ्या गवयांचं गाणं जे दिवाणखान्यात जाऊन ऐकू शकत नव्हते, त्यांना ते नाटकाच्या तिकिटात मिळायला लागलं. पिटात बसणारा माणूस राग ओळखायला शिकला तो तिथे. शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत नेण्याचं काम आपल्याकडे आधीच झालेलं आहे, आणि ते स्वर न उतरवता झालेलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणून यमनाच्या बैठकीत मी स्वयंवरातलं 'नाथ हा माझा' गायले. पण ते शेवटी. ओळखीचं पद किंवा सिनेमातलं गाणं आधी ऐकवलं, की लोक पुढचा सगळा वेळ ख्यालात ते गाणंच शोधत बसतात. शेवटी ऐकवलं की उलट होतं. लहानपणापासून कानावर असलेल्या पदात त्यांना आत्ता ऐकलेला राग दिसायला लागतो. एक आजोबा खुर्चीतून म्हणाले, "साठ वर्षं हे पद म्हणतोय, पण ही मींड आज कळली."

पुढच्या महिन्यात भूप घेतला, आणि त्याच्या पाठोपाठच्या रविवारी सकाळी देसकार. दोन्हींत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. संध्याकाळी भूप ऐकून गेलेले लोक सकाळी चहा पिऊन येऊन बसले आणि देसकार सुरू झाल्यावर चक्रावले. संगणकाच्या कामातल्या एका मुलानं मला मध्येच थांबवून विचारलं, "ताई, स्वर सेम, मग राग वेगळा कसा?" मी म्हटलं, घर तेच, माणसं तीच पाच, पण एका घरात गंधार कर्ता आहे आणि दुसऱ्यात धैवत. मग दोन्ही राग एकाआड एक, दोन-दोन ओळी गाऊन दाखवले. भूप मध्य सप्तकात, गंधाराशी विसावत. देसकार वरच्या अंगानं, धैवतावरून तार षड्जाकडे झेपावणारा. चार-पाचदा असं केल्यावर मी राग न सांगता गायले, आणि लोक पहिल्या ओळीतच ओळखायला लागले. ज्यानं प्रश्न विचारला होता तो सगळ्यात आधी.

सकाळची बैठक मी मुद्दाम धरून ठेवली आहे. मैफली बहुतेक संध्याकाळी होतात, त्यामुळे तोडी, देसकार, बिलासखानी हे राग नव्या श्रोत्याच्या कानावर समोरासमोर पडतच नाहीत. रात्रीच्या रागांचंही तेच झालं आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आल्यापासून खुल्या मंडपातल्या मैफली बहुतेक दहाला संपतात. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. आता दरबारी आणि मालकंस उजेडात गायची वेळ येते. आमच्याकडे माईकच नाही, त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलून, दारं-खिडक्या लावून, एका शनिवारी आम्ही साडेदहाला मालकंस सुरू केला. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमातून मध्यमात उतरवावी लागते. मी तार लावत असतानाच सतरंजीवरून एक मुलगी म्हणाली, "आज पहिली तार वेगळी लागतेय." मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. तिला फक्त जवारीचा दोरा आणि स्वयंभू गंधार ठाऊक होता. तिच्या कानानं बाकीचं केलं.

लांबीबद्दलही मला जे दिसलं ते सांगते. सुरुवातीला आम्ही ख्याल पंचवीस मिनिटांत आवरत होतो, नव्या लोकांचा विचार करून. काही महिन्यांनी लोकच म्हणायला लागले, की आत्ता कुठे रंग भरला होता, थांबलात का? आता पाऊण तास, कधी तासभर एकच राग होतो. आणि छोटं गाणं मला वाईट वाटतं असंही नाही. एका बैठकीत आम्ही अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी ऐकवली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, तेवढ्यात भैरवी अख्खी उभी राहते. पण ती तीन मिनिटं ऐकायला ज्यानं आधी तासभर भैरवीत काढला आहे, त्याला ती दहापट भिडते. माणसाकडे वेळ नाही म्हणतात, पण तीच माणसं एका बैठकीत मालिकेचे सात-आठ भाग बघतात. त्यांना पुढे काय होणार याची ओढ असते. ख्यालातही ती ओढ आहेच; तिचं टोक तेवढं त्यांच्या हातात द्यावं लागतं.

बैठकीनंतर घरी ऐकायला आम्ही एकच ध्वनिमुद्रण पाठवतो. यादी पाठवली की काहीच ऐकलं जात नाही. भूपानंतर किशोरीताईंचा भूप पाठवला. तो लोकांनी महिनाभर पुन्हा पुन्हा ऐकला आणि पुढच्या वेळी प्रश्न घेऊन आले: त्या गंधारावर एवढा वेळ थांबतात, तरी तो दर वेळी वेगळा का वाटतो? या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. मी गाऊन दाखवण्याचा प्रयत्न केला, तबलजींनी लयीच्या अंगानं सांगितलं, आणि त्या चर्चेत रात्रीचे अकरा वाजले.

आता मारवा घ्यायचा ठरलं आहे. त्यात षड्ज टाळत टाळत गायचं असतं, म्हणजे आतापर्यंत आम्ही लोकांना ज्या स्वराची वाट बघायला शिकवलं, तोच त्यांना मिळणार नाही. तबलजींचं म्हणणं, आधी सांगून टाकू. मला वाटतं, सांगू नये. त्यांचं त्यांना अडखळू दे, मग बोलू. अजून आमचं एकमत झालेलं नाही. परवा तालमीला बसलो की ठरवू.